गोमानानांची गोड्या पाण्याची पेटी

माझ्याबद्दल गोमानानांचं काय मत व्हावं, हे त्यांच्या माशांनी ठरवलं.

मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून त्यांच्या ओटीवर चढले होते. "नाना, बाहेरचा बांध फुटलाय, आता गावानं..." एवढं तोंडातून निघालं तोच त्यांनी हात वर केला.

"बस खाली. बोलू नको. आदी त्यांना बघू दे तुला."

ते म्हणजे मासे. ओटीच्या आतल्या भिंतीला लाकडी पेटाऱ्यावर एक लांबरुंद काचेची पेटी होती. मी समोर बसले. आतल्या झाडांतून बारके निळे-लाल मासे घोळक्यानं फिरत होते, तळाला मिशावाले काहीतरी हुंगत होते. त्यातून तळहाताएवढा, चपटा, काळ्या पट्ट्यांचा एक एंजल मासा पुढे आला आणि काचेशी थांबला. मासा पोहतो असं आपण म्हणतो. हा उभा होता. माझ्याकडे तोंड करून, कल्ले हलवत, डोळा न मिटता. माशाला पापणी नसते हे मला शाळेपासून माहीत आहे. तरी नजर मीच आधी खाली घेतली.

मग तो वळून झाडांत गेला.

"हां," नाना म्हणाले. "आता बोल."

तहसील कचेरीत आवाज चढवून बोललेली मुलगी मी. त्या ओटीवर माझं पाठ केलेलं भाषण मला आठवेना.

नाना आता नाहीत. मुलानं त्यांना पनवेलला नेलं आणि तिथंच ते झोपेत गेले. गावात शोकसभा झाली. तिथं एकामागून एक माणूस उठला आणि 'मनमिळाऊ स्वभावाचे' म्हणून खाली बसला. मला चीड आली. मेलेल्या माणसाबद्दल काहीही बोलायला लोकांना परवाना लागत नाही. नाना मनमिळाऊ अजिबात नव्हते. कुणाचं कुणाशी जमतं आणि कुणाचं का जमत नाही, हे उभं म्हातारपण बघत बसलेला तो माणूस होता. ते वेगळं असतं.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला. गावची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मध्ये उभा आहे तो फक्त मातीचा एक लांबलचक बांध. बांध आहे तोवर भात, बांध गेला की खाडी. त्या बांधाला एका मोठ्या उधाणात भगदाड पडलं. अशा भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. पूर्वी खांड पडली की घरटी एक माणूस जाऊन बुजवायचा. मग सरकारनं बांध ताब्यात घेतला, आणि तेव्हापासून बांध बुजवायच्या ऐवजी प्रस्ताव पाठवायची पद्धत पडली. खांड रुंद होत गेली, शेतात कांदळ, म्हणजे खारफुटी, उगवलं, आणि खारं पाणी जमिनीखालून विहिरींकडे सरकायला लागलं. हे मी पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. गावातली टवाळ पोरं मला 'कागदवाली' म्हणायची.

नाना मूळचे आमच्या गावचे नव्हेत. उत्तरेकडच्या मिठागरांवरचं त्यांचं घराणं. मिठागरं भरावाखाली गेली तेव्हा ते बायकोच्या गावी राहायला आले. मिठाच्या वाफ्यातलं पाणी पिकून मीठ धरायला आलं की नाही हे बघायला त्यांच्या बापानं त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि डोळे मिटायचे. ही जीभ ते आमच्याकडे घेऊन आले. कुणी विहीर खणली, कुणी बोअर मारली, की पहिला निरोप नानांना. ते 'गोड' म्हणाले की मगच नारळ फुटायचा. घसा दुखला तर लोक डॉक्टर बदलतील, पण पाण्याच्या बाबतीत नानांच्या वर कोणी नव्हतं.

"मिठात जन्म काढला," ते म्हणायचे. "आता गोड्या पान्याशीच सोयरीक."

म्हणून ती पेटी. बारा महिने कालवणात मासा असणाऱ्या गावात मासे पाळणारा एकच माणूस. येता-जाता कुणीतरी विचारायचंच, "नाना, पेटीतलं कालवण कधी?" नाना वळूनसुद्धा बघत नसत.

मासे निवडायचं त्यांचं शास्त्र होतं. एकदा मी अलिबागला निघाले होते, तर तेही रिक्षात येऊन बसले. माशांच्या दुकानात ते सकाळपासून उभे राहायचे. विकत घ्यायचं म्हणून नव्हे. कोण कोणाच्या मागे लागतो, कोण कोपरा धरतो, खाणं पडलं की कोण मागे राहतो, हे बघायला. दुकानदार त्यांना बघून कपाळाला हात लावायचा. त्या दिवशी एक तरुण जोडपं मुलाच्या वाढदिवसाला मासे घ्यायला आलं होतं. दुकानदारानं डझनभर गप्पी पिशवीत घातले आणि वर 'हा एक शोभेला' म्हणून ऑस्करचं पिल्लू सोडलं.

नाना पुढे झाले. "ताई, ह्याचं तोंड बघा."

"छान आहे की."

"आज बोटाएवढा हाय. शिमग्यापर्यंत तुमच्या पंजाएवढा व्हईल. तोंडात मावतो तो सोबती न्हाय. तो घास."

बाई हसली. "अहो काका, मासेच आहेत ना शेवटी."

"घरात सासूबाय हायेत?"

"आहेत."

"मग तुम्हाला कळायला पायजे."

नवरा पिशवी ठेवून मोठमोठ्यानं हसायला लागला, आणि बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. ऑस्कर दुकानातच राहिला. दुकानदार मला हळूच म्हणाला, "यांना घरी ठेवत जा ना मॅडम."

परत येताना नानांनी मला बाकीचं सांगितलं. तोंडाचं माप हे पहिलं. मग माळा बघायचा. कोणी तळाला राहतो, कोणी मध्ये, कोणी वरच्या अंगाला. प्रत्येकाला आपला माळा मिळाला तर निम्मी भांडणं होतच नाहीत. मग स्वभाव. टायगर बार्ब खोडकर असतो, लांब परांच्या एंजलचे पर कुरतडतो. त्याला एंजलच्या शेजारी ठेवणं म्हणजे पदर ओढणाऱ्याला बाईच्या शेजारी बसवणं. निऑन, म्हणजे ते बारके निळे-लाल, एकटा ठेवला तर भीतीनंच मरतो, त्याला जमाव लागतो. नवा मासा ते पेटीत कधी लगेच सोडत नसत. आधी काचेच्या बरणीत घालून बरणीच पेटीत ठेवायचे. काही दिवस आतल्यांनी त्याला बघायचं, त्यानं आतल्यांना.

"बघायचा कार्यक्रम," मी म्हणाले.

"व्हय. पन ह्यात पोहे न्हाय, आनि खोटं बोलायला मधला मानूस न्हाय."

पसंत पडलं नाही तर मासा रिक्षानं परत अलिबागला. पाण्याबद्दल मात्र ते कधी काही सांगत नसत. सगळ्यांना एकच पाणी मानवलं पाहिजे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या विहिरीच्या पाण्याबद्दल त्यांना शंका घ्यायचं कारणच नव्हतं. रोज सकाळी ते पेटीत बोट बुडवायचे, जिभेला लावायचे, मान हलवायचे.

थंडी सुरू झाली आणि तळाचे मिशावाले गेले.

मेले असं म्हणता येत नव्हतं, कारण नानांना एकही मेलेला दिसला नाही. सकाळी मोजदाद केली की कमी भरायचे, बस. पाणी स्वच्छ, वाळू जागच्या जागी. मेलेला मासा इतर मासे खाऊन टाकतात, हे आता मला माहीत आहे. तेव्हा त्या ओटीवर बसलं की अंगावर काटा यायचा. काहीतरी रोज त्या काचेत येत होतं, एकाला उचलत होतं आणि पाण्यावर तरंगसुद्धा ठेवत नव्हतं. मिशावाल्यांमागून बिळात राहणारे वळवळे गेले. मग निऑनचा घोळका विरळ व्हायला लागला. राहिलेले एकमेकांना चिकटून, रंग उतरलेले, एकाच जागी थरथरत राहायचे.

नानांनी पेटीसमोर खुर्ची टाकली. दिवसच्या दिवस ते तिथं बसून असायचे. प्रत्येक वेळी त्यांना कोणी ना कोणी आरोपी सापडायचा. आधी त्यांनी एक गुरामी काढून परत दिला, "ह्याची नजर चांगली न्हाय." मग झेब्रे काढले, "धावून धावून दुसऱ्यांचा जीव घेतात." तरी मासे कमी होतच राहिले. सुस्त पडलेल्यांना त्यांनी औषध सुरू केलं. औषध म्हणजे चिमूटभर मीठ. मासे पाळणारे देतात, दुकानदारही सांगतो. मिठागरावरच्या माणसाला तर दुसरं औषध सुचणारच कसं? मासे आणखी सुस्त झाले, चिमटी आणखी मोठी झाली.

शेवटी त्यांनी एंजलला धरलं. त्या उभ्या राहणाऱ्या, माझी परीक्षा घेणाऱ्या एंजलला.

"निऑन ह्याच्या तोंडात मावतो," ते म्हणाले. "दोघं लहान असतानाच मी आनले होते एकत्र, म्हटलं सवय व्हईल. मोठ्ठं झाल्यावर स्वभाव दावला."

एंजल बरणीत गेला. बरणी कोपऱ्यात, खिडकीखाली. त्याला वळायला जेमतेम जागा. तो तिथंही उभाच राहायचा, नानांच्या खुर्चीकडे तोंड करून.

पेटीत राहिल्या त्या मोली नावाच्या काळ्या मासोळ्या. त्या मरत नव्हत्या. उलट तुकतुकीत होत होत्या, पिल्लं घालत होत्या. निळा-लाल रंग गेला आणि त्या जागी काळा भरत गेला. रिकामी झालेली पेटी पुन्हा गजबजली, पण काळ्यानं.

त्याच दिवसांतली एक दुपार. अमावास्या होती. आमच्याकडे उधाणाची भरती अमावास्येला ऐन दुपारी चढते, ऊन डोक्यावर असताना. मी बोलत होते आणि नाना अचानक म्हणाले, "गप. बघ." पेटीतल्या सगळ्या मोली, लहान-मोठ्या, एका बाजूच्या काचेला येऊन लागल्या होत्या. काच काळी झाली होती. हलत नव्हत्या. बाकीची पेटी रिकामी.

"ती खाडीची बाजू," नाना म्हणाले. "भरती आली."

मी अंधश्रद्धेवर दोन पत्रकं छापलेली आहेत. मी उठले, खिडकी लावली, ऊन त्या बाजूनं येत असेल म्हणून. मग पंखा बंद केला. पेटीच्या मागे पुठ्ठा धरला. त्या तशाच. बऱ्याच वेळानं बाहेर कुणीतरी ओरडलं की पाणी ओसरायला लागलं, तेव्हा त्या एकेक करून सुटल्या. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. असतं तर छापलं असतं.

नानांची सून रंजना त्या वेळी ओटीवर थांबत नसे. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. ती चहा टाकत होती, आणि पाणी माठातलं नाही, तांदळाच्या डब्यामागे लपवलेल्या विकतच्या जारमधलं घेत होती.

"मामांना सांगू नको हां," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"का? विहिरीचं काय झालं?"

"विहिरीच्या पान्यानं दूध फाटतं. दिवाळीपासून. अख्खी आळी जार आनते."

"आणि कोणी बोलत नाही?"

"मामांनी गोड म्हटलंय. त्यांच्या तोंडावर कोन बोलनार?" तिनं गॅस बारीक केला. "ते तेच पानी पितात. आमटीत वरून मीठ घालतात. आनि वर मलाच म्हनतात, रंजना, तुझ्या हाताला पूर्वीची चव न्हाय."

माझं डोकं फिरलं. एका म्हाताऱ्याचा मान राखायला सगळं गाव फाटलेलं दूध लपवत होतं! रंजना म्हणाली, "तुला काय जातंय, तू कागद वाटून जाशील. मला ह्याच घरात राह्यचंय." पण शिमग्याच्या आधी सभा होती. खात्याचे साहेब बांधाची पाहणी करायला येणार होते. मला वाटलं, तिथं तरी लोक तोंड उघडतील. स्वतःच्या पिण्याच्या पाण्यासाठी माणूस बोलणार नाही असं कसं होईल?

होतं. शाळेच्या व्हरांड्यात साहेब खुर्चीत बसले आणि मी उभी राहून सांगितलं की विहिरी खाऱ्या झाल्यात, बांध या उन्हाळ्यात बुजवला नाही तर गाव उठेल.

"असं कोण म्हणतं?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही सोडून?"

कोणी बोललं नाही. मागून एक आवाज आला, "नानांना विचारा." लगेच सगळ्यांनी माना हलवल्या. सुटल्यासारखे दिसले सगळे. नाना आले, पांढरी टोपी नीट केली. कळशी आणली गेली. बोट बुडालं, जिभेला लागलं, डोळे मिटले. त्या दिवशी ते डोळे नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेले राहिले. कळशीच्या काठावरून थेंब पडलेला ऐकू आला.

"गोड," नाना म्हणाले.

मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. सकाळी जार घेऊन जाताना ज्यांना बघितलं होतं ते सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. साहेब हसले. "मग झालं तर. तुमचेच नाना सांगतायत. बांधाला घाई नाही."

"हे खोटं आहे!" मी ओरडले.

नानांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. पहिल्या दिवशी काचेतून माझ्याकडे कोणीतरी असंच बघत होतं. "बाय," ते म्हणाले, "मला खोटा म्हनालीस?" आणि काठी टेकत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. ते खुर्चीतच होते. मी काचेला तोंड दाखवायला थांबले नाही.

"नाना, पाणी खारट आहे. तुमची जीभ गेलीय."

मला वाटलं काठी उचलतील. त्यांनी विचारलं, "सगळ्यांना म्हाईत हाय?"

"हो."

"रंजनाला?"

रंजना आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "मामा, तुम्ही गोड म्हनालात, म्हनून आमी लपवून विकतचं पानी आनतो..."

नानांनी पेटीकडे बघितलं. "मग हे कसे जगतात?"

"मोलींना खारं चालतं. मी अलिबागला दुकानात विचारलं. बाकीच्यांना चालत नाही. मिशावाल्यांना तर अजिबात नाही."

"मी मीठ देत होतो," ते म्हणाले. "औषद म्हनून."

पत्रकात लिहिण्यासारखं यात काही नव्हतं.

"म्हंजे कोनी कोनाला मारला न्हाय." ते उठले. कोपऱ्यातल्या बरणीपाशी गेले, कष्टानं उकिडवे बसले. एंजल आता उभा राहत नव्हता, एका कुशीवर कलला होता. "ह्याला मी उगाच काढला. ह्याचा काय गुन्हा न्हाय."

रंजनाकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. "तुझं विकतचं पानी आन." तिनं तांब्या आणला. ते चमच्याचमच्यानं बरणीत घालत राहिले, एकदम बदलानं दचकू नये म्हणून. दुपार झाली तरी घालतच होते. एंजल दोन दिवस राहिला, मग गेला.

तिसऱ्या दिवशी नाना घराबाहेर पडले ते प्रत्येक दारात गेले. मी मागे होते, माझ्या हातात एकही कागद नव्हता. दारात उभं राहायचं, टोपी काढायची आणि तेच बोलायचं.

"माझी जीभ मेली. सभेत गोड म्हनालो ते चुकीचं. घरात परात हाय?"

बायका कावऱ्याबावऱ्या होत. एक म्हातारी म्हणाली, "नाना, असं नका बोलू वो."

"परात दे. विहिरीचं पानी भर, उन्हात ठेव. सुकली की परत भर. झाकू नको, घासू नको."

एका पोरानं दात काढले. "काय नाना, अंगनात मिठागर?"

"व्हय. बापाचा धंदा हाय," नाना म्हणाले आणि पुढच्या दाराला गेले.

त्या चैत्रात आमच्या गावातून कोणी बाहेरचा माणूस चालत गेला असता तर पळाला असता. दारोदारी परात. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि प्रत्येक अंगणात एक गोल पांढरा डोळा आकाशाकडे लागलेला. पाणी आटायचं, कडेला पांढरी रेघ राहायची. पुन्हा भरायचं, रेघ जाड व्हायची. कुत्री परातींना वळसा घालून जायची. जे इतके महिने कोणी बोललं नव्हतं ते प्रत्येकाच्या दारात पडलं होतं, आणि आत-बाहेर करताना प्रत्येकाला ते ओलांडावं लागत होतं.

साहेबांना पुन्हा बोलवायला मला किती अर्ज लागले ते सोडा. ते आले, अंगणं बघितली, गॉगल काढला.

"आजोबा, तुम्ही माशांना मीठ घालता म्हणे. यातही घातलं असेल कुणीतरी."

"असंल," नाना म्हणाले. "रंजना, नवी थाळी आन. साहेब, तुमच्या हातानं विहिरीतनं काढा. तुमच्याच गाडीवर ठेवा. आमी हात लावत न्हाय."

आणि खरोखर साहेबांच्या ड्रायव्हरनं विहिरीचं पाणी काढून थाळी गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवली. सगळं गाव भोवती उभं. थाळी पसरट, पाणी थोडं, ऊन चैत्राचं. साहेबांनी सरपंचाकडे जेवून घेतलं. परत आले तेव्हा थाळीत पाणी नव्हतं. होतं ते ड्रायव्हरनं नखानं खरवडून बघितलं आणि हसू दाबत तोंड फिरवलं.

"दूध फाटतं साहेब," मागून रंजना म्हणाली. पहिली तीच बोलली. मग सगळेच एकदम.

साहेब नमुना घेऊन गेले. अहवाल पाठवतो म्हणाले. तो अहवाल अजून वाटेत आहे. पण एकदा तोंडं उघडल्यावर गाव थांबलं नाही. भरतीचा जोर कमी असतो तेव्हा, भांगाच्या दिवसांत, घरटी एक माणूस बांधावर गेला. माती, पेंढा, कांदळाच्या फांद्या. नानांना कोणी बोलावलं नव्हतं. ते रोज येऊन एका कडेला बसत. पाण्याबद्दल त्यांना आता कोणी काही विचारत नव्हतं. माती कोणती टाकायची हे ते न विचारताच सांगत होते आणि लोक ऐकत होते.

नवी माती टिकते की नाही याची परीक्षा अमावास्येच्या उधाणाला होती. दुपारी गाव बांधावर गोळा झालं. पाणी चढत आलं तसं बोलणं बंद झालं. माझ्याशेजारची म्हातारी पुटपुटली, "खांडीनं मानूस मागितला तर?" मी तिच्याकडे डोळे वटारले. पण मीही लोकांची तोंडं मोजायला लागले होते. नाना त्यात नव्हते.

पाणी नव्या मातीला लागलं. वर वर चढलं. आमच्या पायांखाली, आतल्या बाजूला, शेत पार खाली होतं आणि बाहेर समुद्र आमच्या तळपायांशी आला होता. माती कुठे कुठे पाझरली. मग पाणी थांबलं. एक आरोळी उठली, पोरांनी शिट्या मारल्या.

नाना मला तेव्हा दिसले. बांधाच्या आतल्या अंगाला, खांड बुजवल्यावर मागे अडकलेल्या डबक्यात, गुडघाभर चिखलात वाकून उभे होते.

"नाना! बांध टिकला!"

"बघितला," ते वर न बघता म्हणाले. "इकडं ये."

डबक्यात खाडीचे मासे राहिले होते. बोयटाची पिल्लं, खरब्या, निवट्या. बाहेर जायची वाटच आम्ही बुजवली होती.

"पाऊस पडला की हे पानी गोड व्हनार," नाना म्हणाले. "आपल्याला पायजे तसं. मंग ह्यांनी काय करायचं?"

आमच्या मागण्यांमध्ये हे कलम नव्हतं.

त्यांनी खांद्यावरचा पंचा पाण्यात पसरला, चार-पाच मासे त्यात घेतले, झोळी धरून बांध चढायला लागले. वरून कुणीतरी ओरडलं, "नाना, ते कालवणाला ठेवा!" लोक हसले. नाना पाण्याच्या बाजूला उतरले, पंचा उघडला, परत आले. पुन्हा पसरला.

"किती नेणार असे?"

"दिसतील तेवढे."

मी मदतीला हात घातला तर म्हणाले, "तू जा. तुला अलिबागला कागद द्यायचाय ना."

द्यायचाच होता. रिक्षा सडकेला उभी होती. वळणावर मी मागे बघितलं तेव्हा लोक जेवायला घराकडे वळले होते आणि उन्हात बांध उघडा पडला होता. एकटे नाना ठिबकणारा पंचा पोटाशी धरून वर चढत होते. माथ्यावर पोचले आणि पलीकडे उतरले. मग बांधावर कोणी नव्हतं. बांधाच्या मागे फक्त पाणी होतं, आमच्या शेतांपेक्षा उंच, भरलेलं, आवाज न करणारं. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मी त्याला थांब म्हणाले.

आधी टोपी वर आली. मग नाना. त्यांनी रिकामा पंचा पिळला, खांद्यावर टाकला आणि पुन्हा डबक्याकडे उतरायला लागले.